टेलिफोटो लेन्सचा ऑटोफोकस चुकतो आहे असे वाटते तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरची डीएसएलआर (आरसा असलेला कॅमेरा) आणि तिच्यावर १५०-६०० मि.मी.ची झूम लेन्स, जिचे ६०० मि.मी.वरचे सर्वांत मोठे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) एफ/६.३ आहे. सोसायटीच्या बागेत दहाएक मीटरवरून टिपलेल्या खंड्याचे पीस न् पीस मोजता येते. मात्र भिगवणला, उजनी जलाशयात सकाळी दहानंतर होडीतून घेतलेले रोहित पक्ष्यांचे जवळजवळ सगळे फोटो सॉफ्ट, म्हणजे किंचित धूसर, आले आहेत. दुकानदाराच्या मते लेन्सला बॅक फोकस आहे, म्हणजे ती पक्ष्याच्या मागे फोकस करते, आणि कॅमेऱ्यात आकडा बदलून फाइन-ट्यून करून घ्यावे लागेल. एका मित्राच्या मते लेन्स विकून मोकळे व्हावे.

हे दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा. टेलिफोटोने काढलेला फोटो अस्पष्ट येण्याची कारणे अनेक असतात, त्यांत फोकस चुकणे हे केवळ एक असते आणि कॅलिब्रेशन (लेन्स आणि कॅमेऱ्याचा फोकसचा मेळ) बिघडणे हे त्या एकातलेही एक पोटकारण असते. तरीही बहुतेक जण तपासाची सुरुवात नेमकी तिथूनच करतात, कारण मेनूमध्ये त्यासाठी एक आकडा दिलेला असतो आणि आकडा हलवला की काहीतरी केल्याचे समाधान मिळते. योग्य क्रम उलटा आहे. आधी बिघडलेले फोटो नीट वाचावेत, मग ते ज्या परिस्थितीत काढले ती तपासावी, त्यानंतर सेटिंग पाहावीत आणि लेन्सवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

फोटो वाचण्यासाठी तो संगणकावर शंभर टक्के आकारात उघडा आणि पक्ष्याकडे न पाहता त्याच्या पुढच्या-मागच्या भागाकडे पाहा. पक्ष्याच्या अलीकडचे पाणी किंवा पलीकडचे गवत सुस्पष्ट असेल आणि पक्षी नसेल, तर फोकस खरोखर दुसरीकडे गेला आहे. फ्रेममध्ये कुठेच काहीही सुस्पष्ट नसेल आणि डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका किंवा पाण्यावरची चमक एका दिशेने लांबलेली, किंवा दुहेरी दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. आणि कुठेच काही सुस्पष्ट नाही, पण लांबलेपणाही नाही, उलट एकाच बर्स्टमधल्या (बटण दाबून धरून सलग काढलेल्या मालिकेतल्या) लागोपाठच्या फ्रेममध्ये चोचीची किंवा मानेची कड वेगवेगळ्या प्रकारे वेडीवाकडी दिसते आहे, तर दोष बहुतेक हवेचा आहे. केवळ पक्षी हलल्यामुळे आलेला अस्पष्टपणा ओळखणे सर्वांत सोपे असते: पंख किंवा डोके पुसट, पण पाय आणि भोवतालचे पाणी स्वच्छ.

तुमच्या बाबतीत आणखी एक पुरावा हाताशी आहे, तो म्हणजे दहा मीटरवरचा खंड्या. क्रॉप सेन्सरवर ६०० मि.मी. आणि एफ/६.३ घेतल्यास दहा मीटरवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे सुस्पष्ट दिसणारी खोली, जेमतेम ७ सेंटिमीटर असते, वीस मीटरवर सुमारे २८ सेंटिमीटर आणि साठ मीटरवर साधारण अडीच मीटर. या आकड्यांवरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात की कॅलिब्रेशनची चूक फक्त जवळच्या वस्तूवर दिसते आणि दूरच्या वस्तूवर झाकली जाते. तो बरोबर नाही. कॅलिब्रेशनची चूक ही सेन्सरच्या बाजूची चूक असते. प्रतिमा सेन्सरच्या पातळीपासून ठरावीक अंतर पुढे किंवा मागे पडते आणि त्यामुळे होणारा धूसरपणा वस्तू दहा मीटरवर असो वा साठ, जवळजवळ सारखाच राहतो. लांबच्या वस्तूपाशी डेप्थ ऑफ फील्ड ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात तिथले चुकीचे अंतरही वाढते. म्हणजे लेन्स आणि बॉडी (कॅमेरा) यांचा मेळ बिघडला असता, तर खंड्याही तितकाच सॉफ्ट यायला हवा होता. काही झूम लेन्समध्ये ही चूक अंतरानुसार थोडी बदलते, म्हणून मी लेन्सला पूर्ण निर्दोष ठरवत नाही. पण दुकानदाराचे निदान फोटोंशी जुळत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

आता हवेकडे येऊ, कारण भिगवणसारख्या जागी पहिला संशय तिच्यावरच घेतला पाहिजे. ऊन चढू लागले की चिखलाचे पट्टे, उथळ पाणी आणि काठावरची जमीन वेगवेगळ्या वेगाने तापतात, त्यांच्यावरची हवा असमान गरम होते आणि हवेची घनता बदलली की तिचा अपवर्तनांकही (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) बदलतो. साठ-सत्तर मीटरच्या वाटेत प्रकाशाला अशा शेकडो लहानमोठ्या थरांतून वाकत यावे लागते. डोळ्यांना हे जाणवत नाही, ६०० मि.मी.ची लेन्स मात्र पक्ष्याबरोबर ही थरथरही मोठी करून दाखवते. त्यात होडीतून फोटो काढताना आपण पाण्याच्या अगदी जवळ असतो. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून मिळणारी चौकट सुंदर असते यात शंका नाही, पण त्याच पातळीवर दृष्टीची रेषा पृष्ठभागाला चिकटून जाते आणि सर्वांत अस्थिर हवा तिथेच असते. हिवाळ्यातल्या पहाटे वेगळे कारण घडते: पाणी उबदार आणि हवा गार असल्याने पृष्ठभागावरून वाफ उठत असते, तेव्हा पहाट म्हणजे हमखास स्वच्छ हवा असेही समजू नये.

अशा हवेत ऑटोफोकस दोन प्रकारे फसतो. एक तर प्रतिमाच विस्कटलेली असल्याने फोकस अचूक असूनही फोटो सॉफ्ट येतो. दुसरे असे की फेज डिटेक्शन पद्धतीत लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशातून दोन प्रतिमा घेऊन त्यांच्यातील सरक मोजली जाते. हवेमुळे ती सरक क्षणाक्षणाला बदलू लागली की कॅमेरा प्रत्येक वेळी नवी दुरुस्ती करतो, लेन्स थोडी पुढे-मागे होत राहते आणि आपल्याला वाटते की मोटर बिघडली. याची खात्री करून घेण्याचा मार्ग अगदी सोपा आहे. काठावर ट्रायपॉड लावा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरची थेट प्रतिमा) चालू करा, दूरच्या एखाद्या स्थिर वस्तूवर, उदाहरणार्थ पाण्यातल्या खुंटावर, फोकस करून मागच्या पडद्यावर प्रतिमा जितकी मोठी करता येईल तितकी करा. वाहत्या पाण्यातून तळाचा दगड पाहावा तशा कडा हलताना दिसल्या, तर कॅमेरा पिशवीत ठेवून चहा घ्यायला हरकत नाही. त्या हवेत कोणतीही लेन्स चांगला फोटो देणार नाही, मग ती दहा लाखांची का असेना.

यावर उपाय म्हणजे अंतर कमी करणे, ऊन चढण्याआधी किंवा ढगाळ दिवशी काम उरकणे आणि एकाच क्षणाच्या बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांतली सुदैवाने स्वच्छ आलेली निवडणे. टेलिकन्व्हर्टर (फोकल लांबी वाढवणारी जोडलेन्स) लावणे हा उपाय नव्हे. ताडोबासारख्या जंगलात उन्हाळ्यात जिप्सीतून फोटो काढतानाही हाच नियम लागू होतो: इंजिन बंद असावे आणि तापलेल्या बॉनेटवरून नेम धरू नये. खासगी गाडीच्या खिडकीतून काढत असाल, तर एसी बंद करून काचा आधीच उघडून ठेवा, कारण आतल्या गार आणि बाहेरच्या गरम हवेची सरमिसळ बरोबर खिडकीतच होत असते. उबदार खोलीतून थंड हवेत आणलेल्या लेन्सच्या लांब हूडमध्येही (पुढे लावलेल्या सावलीच्या नळीत) अशी अस्थिर हवा काही काळ कोंडून राहते; लेन्स बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत हूड काढून पाहावा.

हवेपाठोपाठ तपासायचा तो कॅमेऱ्याचा हादरा. क्रॉप सेन्सरवर ६०० मि.मी. म्हणजे जवळपास ९०० मि.मी.इतका दृश्यकोन, म्हणून जुन्या नियमाने शटरचा वेग किमान १/९०० सेकंद हवा. आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर होडीतून, उभ्या पक्ष्यासाठी मी १/१२५० ते १/१६०० च्या खाली जाण्याचा सल्ला देणार नाही, आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२५०० ते १/३२०० ठेवावा. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्यावा. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सरळ करता येत नाही. होडीचे इंजिन चालू असेल तर ट्रायपॉड किंवा मोनोपॉड तळाला टेकवू नका, कारण इंजिनाची कंपने थेट लेन्समध्ये चढतात. स्टॅबिलायझेशन (हादरा सावरणारी सोय) चालू ठेवा, पण शटर अर्धे दाबल्यावर प्रतिमा स्थिरावण्यास साधारण सेकंदभर वेळ द्या. ती स्थिरावण्याआधी घेतलेली पहिली फ्रेम हमखास वाईट येते आणि तिचा दोष फोकसवर जातो. घट्ट ट्रायपॉडवर मात्र, लेन्सच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर, स्टॅबिलायझेशन बंद करणे श्रेयस्कर.

सेटिंगपैकी सर्वांत आधी लेन्सवरचे खटके पाहा. लांब लेन्सवर फोकस लिमिटर असतो आणि तो फोकसच्या शोधाची कक्षा मर्यादित करतो. सिग्माच्या १५०-६०० मि.मी. कंटेम्पररी लेन्सवर पूर्ण कक्षा, १० मीटर ते अनंत आणि २.८ ते १० मीटर अशा तीन जागा आहेत. सोनीच्या २००-६०० वर पूर्ण, १० मीटर ते अनंत आणि २.४ ते १० मीटर अशा तीन, निकॉनच्या २००-५०० वर फक्त पूर्ण आणि ६ मीटर ते अनंत अशा दोन. खटका दूरच्या कक्षेत असताना पक्षी पाच मीटरवर येऊन बसला, तर लेन्स कितीही वेळ शोधत राहील, पण फोकस लागणार नाही. पिशवीतून काढताना हा खटका चुकून सरकणे हे मी पाहिलेल्या तक्रारींपैकी सर्वांत स्वस्तात मिटणारे कारण आहे. दुसरे तितकेच क्षुल्लक कारण म्हणजे लेन्सच्या नळीवरची फोकस रोखणारी बटणे. सोनीच्या याच लेन्सवर अशी तीन बटणे आहेत आणि लेन्स खालून धरणाऱ्या हाताचे बोट त्यांपैकी एखाद्यावर दाबले गेले की फोकस जागच्या जागी थांबतो.

होडीतून काढताना पक्षी स्थिर असला तरी आपण स्थिर नसतो, म्हणून एकदा फोकस लावून तो बंदिस्त करणारी पद्धत वापरू नये. निकॉन आणि सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो, म्हणजे सतत फोकस करत राहणारी पद्धत, ठेवावी. मात्र या पद्धतीत अनेक कॅमेरे मूळ सेटिंगप्रमाणे फोकस लागण्याची वाट न पाहता शटर सोडतात. निकॉनमध्ये ही निवड कस्टम सेटिंगच्या ए-१ या क्रमांकावर असते. पूर्णपणे फोकसला प्राधान्य दिल्यास बर्स्टचा वेग मंदावतो, तरी जो आधीच अस्पष्ट फोटोंनी त्रस्त आहे त्याने काही दिवस तसे करून पाहावे, म्हणजे निदान कोडे सुटण्यास मदत होते.

फोकस बिंदू कुठे ठेवला होता, हेही पाहा. रोहित पक्ष्यांच्या बाबतीत हा मुद्दा दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे, कारण मोठ्या रोहिताचे अंग फिकट, जवळजवळ एकरंगी असते आणि उन्हात त्यावरचा पिसांचा पोत नाहीसा होतो. अशा सपाट भागावर बिंदू ठेवल्यास कॅमेऱ्याला तुलना करण्याजोगे काही सापडत नाही आणि तो शेजारच्या लाटेची किंवा मागच्या पक्ष्याची कड पकडतो. बिंदू मानेच्या कडेवर, किंवा गुलाबी चोच काळी होते तिथे ठेवावा. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा चौकोन हा केवळ निर्देश असतो, प्रत्यक्ष संवेदनशील क्षेत्र त्याहून थोडे मोठे असते, त्यामुळे लहान पक्ष्यावर ठेवलेला बिंदू त्याच्या मागच्या काटक्याही पाहत असतो. थव्यात सर्व बिंदू आपोआप निवडणारी पद्धत टाळून एक बिंदू किंवा लहान गट वापरावा आणि डीएसएलआरवर शक्यतो मधला, कारण मधले बिंदू क्रॉस प्रकारचे म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा वाचणारे असतात. उडत्या पक्ष्याच्या आड झाड किंवा दुसरा पक्षी आला तर कॅमेऱ्याने किती काळ थांबावे, हे ठरवणारे सेटिंग जवळजवळ सर्व मध्यम आणि वरच्या श्रेणीच्या बॉडींवर असते. रिकाम्या आकाशासाठी ते जलद आणि झाडीपुढून उडणाऱ्या शिकऱ्यासाठी संथ ठेवावे.

टेलिकन्व्हर्टर वापरत असाल तर डीएसएलआरची एक मूलभूत मर्यादा समजून घ्यावी लागते. तिचा फोकस मोड्यूल लेन्सच्या ठरावीक भागातून येणारे प्रकाशकिरण पाहतो; ॲपर्चर त्याहून लहान झाले की ते किरण वाटेतच अडतात. बहुतेक डीएसएलआर एफ/५.६ पर्यंत सर्व बिंदूंवर काम करतात आणि काही निवडक, उदाहरणार्थ निकॉन डी ५०० किंवा कॅनन ७ डी मार्क २, एफ/८ पर्यंत मोजक्याच बिंदूंवर. एफ/६.३ च्या लेन्सला १.४ पटीचा कन्व्हर्टर लावल्यास ॲपर्चर एफ/९ च्या आसपास जाते, म्हणजे लेन्स हंट करते (फोकस शोधत पुढे-मागे होत राहते) ती तिची बिघाडाची खूण नसून अपेक्षित वर्तन असते. कॅननच्या ईएफ मालिकेतील मोठ्या टेलिफोटो लेन्सवर तर १.४ पटीचा एक्स्टेंडर (कॅननचा टेलिकन्व्हर्टर) लावल्यावर कॅमेरा फोकसचा वेग मुद्दाम निम्म्यावर आणतो आणि २ पटीचा लावल्यावर पाव भागावर, अचूकता टिकावी म्हणून. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) ॲपर्चरची ही मर्यादा पुष्कळ सैल आहे, पण तिथेही अंधुक प्रकाशात फोकस मंदावतोच.

संरक्षणासाठी म्हणून पुढे लावलेला यूव्ही फिल्टर काढून पाहा. ९५ मि.मी. व्यासाची पूर्णपणे सपाट काच बनवणे स्वस्त नसते, आणि लहान लेन्सवर निरुपद्रवी ठरणारी साधी काच ६०० मि.मी.वर प्रतिमेचा दर्जा उघडपणे खाली आणते. लेन्स आणि बॉडीच्या माउंटवरचे धातूचे संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसा; चिकटपणा असेल तर कापसाच्या काडीला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून. खोडरबराने घासण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, तो मला पसंत नाही, कारण त्याचे कण कॅमेऱ्यात पडतात. फोकस मधूनच बंद पडणे, ॲपर्चरचा आकडा पडद्यावर नाहीसा होणे, लेन्स थोडी फिरवल्यावर सर्व पूर्ववत होणे, ही लक्षणे मुख्यत्वे याच संपर्कबिंदूंची असतात.

एवढे सगळे पाहूनही शंका उरली, तर मग रीतसर चाचणी घ्यावी. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना प्रकाश आरशातून जाऊन, मागच्या दुय्यम आरशावरून खाली वळून, तळाशी असलेल्या स्वतंत्र फोकस मोड्यूलवर पडतो. फोटो मात्र सेन्सरवर उमटतो. या दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी असावी लागते आणि कॅलिब्रेशनचा संबंध नेमका याच्याशी आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर जातो आणि सेन्सरच फोकस ठरवतो, त्यामुळे तिथे ही चूक उद्भवत नाही. म्हणून लाइव्ह व्ह्यूमधला फोटो ही लेन्सची खरी क्षमता आणि व्ह्यूफाइंडरमधला फोटो ही लेन्स-बॉडीच्या मेळाची परीक्षा, असे समजून दोहोंची तुलना करायची.

लक्ष्य म्हणून सपाट फळीवर चिकटवलेले मराठी वर्तमानपत्राचे पान उत्तम चालते. शिरोरेषांमुळे आडव्या आणि कान्यांमुळे उभ्या, अशा दोन्ही दिशांच्या ठसठशीत कडा त्यात मिळतात. शेजारी एक मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, म्हणजे चूक पुढे आहे की मागे ते कळेल. अंतर फोकल लांबीच्या २५ ते ५० पट असावे, म्हणजे ६०० मि.मी.साठी १५ ते ३० मीटर. इमारतीची लांब मार्गिका किंवा ढगाळ सकाळची गच्ची पुरते. दुपारच्या तापलेल्या गच्चीवर ही चाचणी घेऊ नये, तिथे तुम्ही पुन्हा हवेचीच परीक्षा घेत असता. भक्कम ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट, आरसा आधी वर करण्याची सोय असेल तर ती, आणि ॲपर्चर पूर्ण उघडे. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये पाच फ्रेम घ्या. मग व्ह्यूफाइंडरने वीस फ्रेम घ्या. त्यांतल्या दहांच्या आधी फोकस रिंग अनंताकडे आणि दहांच्या आधी जवळच्या टोकाकडे फिरवून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी लेन्सला नव्याने फोकस शोधावा लागेल.

निकाल वाचताना सरासरी आणि विखुरण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हे या सर्व कामाचे मर्म आहे. वीसच्या वीस फ्रेम एकाच दिशेने आणि जवळपास सारख्याच चुकत असतील, तर तो कॅलिब्रेशनचा दोष आहे आणि फाइन-ट्यूनने तो निश्चित जातो. काही फ्रेम पुढे, काही मागे, काही अचूक असतील, तर फाइन-ट्यूनचा आकडा कितीही हलवा, विखुरण तसेच राहील. तुम्ही फक्त चुकांचे केंद्र सरकवाल. विखुरण थोडे असणे स्वाभाविक आहे, विशेषतः एफ/६.३ वर. अनंताकडून येताना एक आणि जवळून येताना दुसरे उत्तर मिळत असेल, तर मोटर किंवा फोकस यंत्रणेत ढिलाई असू शकते. आणि लाइव्ह व्ह्यूमधले पाचही फोटो सॉफ्ट असतील, तर प्रश्न ऑटोफोकसचा नाहीच. अशा वेळी एफ/८ वर पुन्हा पाहा. चांगली सुधारणा दिसली तर ती त्या लेन्सची प्रकाशकीय मर्यादा आहे, कारण बऱ्याच १५०-६०० लेन्स ६०० मि.मी.वर पूर्ण उघड्या ॲपर्चरला थोड्या सॉफ्टच असतात. पानाची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी सतत धूसर दिसत असेल, तर फळी कॅमेऱ्याला समांतर आहे याची खात्री करून मगच आतली काच केंद्रापासून सरकल्याचा निष्कर्ष काढावा.

सरासरी खरोखर सरकलेली आढळली तर फाइन-ट्यून करावे. निकॉन आणि कॅनन दोन्हींमध्ये ही कक्षा उणे २० ते अधिक २० असते. कॅननच्या नव्या डीएसएलआर झूमच्या दोन टोकांसाठी वेगळे आकडे ठेवू देतात. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआर पूर्ण झूमसाठी एकच आकडा देतात, तेव्हा तुम्ही सर्वांत जास्त वापरता त्या फोकल लांबीवर, म्हणजे बहुधा ६०० वरच, तो ठरवावा. प्राथमिक श्रेणीच्या बॉडींवर, जसे निकॉन डी ५६०० किंवा कॅनन १५०० डी, ही सोयच नसते. सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल (लेन्स संगणकाला जोडणारी उपकरणे) ही उणीव भरून काढतात आणि अधिक बारकाईने काम करतात. सिग्माच्या डॉकमध्ये झूम लेन्ससाठी चार फोकल लांबी आणि चार अंतरे असे सोळा आकडे भरता येतात. काम कंटाळवाणे आहे, पण अंतरानुसार बदलणारी चूक सुधारण्याचा घरच्या घरी करता येण्यासारखा मार्ग हाच. लेन्सचे फर्मवेअरही (आतली आज्ञावली) याच उपकरणांनी अद्ययावत होते, आणि ते आधी करून मगच आकडे भरावेत.

मिररलेस वापरणाऱ्यांना हे कॅलिब्रेशन सहसा लागत नाही, कारण तिथे फोकस सेन्सरवरच मोजला जातो. त्यांच्या तक्रारी निराळ्या. फोकस खूपच सुटलेला असेल तर जवळचा पक्षी कॅमेऱ्याला दिसतच नाही आणि तो मागच्या झाडीला चिकटून बसतो; अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबत बसण्यापेक्षा रिंग हाताने फिरवून पक्षी अंदाजे दिसू लागला की ऑटोफोकस द्यावा. तसेच, बहुतेक मिररलेस सेन्सर उभ्या कडा चांगल्या वाचतात आणि निव्वळ आडव्या रेषांवर अडखळतात; कॅमेरा थोडा तिरका धरला की फोकस लागतो. पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय गवताच्या दाट पात्यांत कुठलाही काळा ठिपका डोळा मानू शकते, तिथे ती बंद करून लहान बिंदू वापरावा.

दुरुस्ती केंद्राकडे कधी जावे? फोकस करताना मोटर किंचाळल्यासारखा आवाज करत असेल, एखाद्या ठरावीक अंतरावर येऊन दरवेळी अडखळत असेल, लेन्स थोडा वेळ वापरून तापली की फोकस बंद पडत असेल, किंवा पडल्या-आपटल्यानंतर एक बाजू धूसर येऊ लागली असेल, तर घरगुती उपाय थांबवावेत. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवल्यावर आतून खुळखुळ ऐकू येणे हे मात्र स्टॅबिलायझेशन असलेल्या आणि लिनिअर मोटरच्या पुष्कळ लेन्समध्ये अगदी सामान्य आहे, त्याने घाबरू नये. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ठेवलेल्या लेन्समध्ये टॉर्चचा प्रकाश टाकून बुरशीचे जाळे आहे का तेही पाहावे. बुरशीने कॉन्ट्रास्ट उतरतो आणि फोकसही रेंगाळतो. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे पुरेसे असते.

तुमच्यापुरते सांगायचे तर आधी भिगवणच्या फोटोंतले एखादे संपूर्ण बर्स्ट उघडून मानेच्या कडा फ्रेमगणिक बदलतात का ते पाहा, आणि पुढच्या खेपेस भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावरून सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, शक्य तितक्या जवळच्या पक्ष्यांवर, १/१६०० किंवा अधिक वेगाने तेच फोटो पुन्हा घ्या. तेही सॉफ्ट आले तर वर्तमानपत्राची चाचणी वॉरंटीची मुदत संपण्याआधी उरका. लेन्स दुरुस्तीला द्यावी लागलीच, तर बॉडीही सोबत द्या, कारण मेळ दोघांचा जुळवायचा असतो. आणि लाइव्ह व्ह्यूच्या व व्ह्यूफाइंडरच्या फ्रेम, मूळ रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात, अंतर आणि फोकल लांबी लिहून वेगवेगळ्या फोल्डरमध्ये द्या. 'फोटो सॉफ्ट येतात' एवढ्याच तक्रारीवर लेन्स 'तपासली, ठीक आहे' असा शेरा घेऊन परत येण्याची शक्यता मोठी असते.